कॅनडाच्या पाच डॉलरच्या नोटेवर टोकदार कानांचा माणूस काढलेला मिळाला. ही नोट चालेल का? आणि असं चित्र काढतात कसं?

चालेल. कॅनडात नोटेवर लिहिणं किंवा चित्र काढणं हा गुन्हा नाही. तिथला कायदा नाण्यांच्या नासधुशीबद्दल बोलतो, नोटांवरच्या रेघोट्यांबद्दल नाही. मात्र दुकानदाराने अशी नोट नाकारली तर त्याच्यावर जबरदस्ती करता येत नाही. तसं झालं तर ती सरळ बँकेत भरा.

तुमच्या नोटेवरचा मूळ माणूस म्हणजे सर विल्फ्रिड लॉरिए, १८९६ ते १९११ या काळातले कॅनडाचे पंतप्रधान. लांबट चेहरा, धारदार नाक, खोल डोळे, दाढीमिशा नाहीत. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळ-मालिकेतल्या टोकदार कानांच्या स्पॉकला लागणारं सगळं सामान आयतंच तयार, म्हणून तिथे या प्रकाराला ‘स्पॉकिंग’ असंच नाव पडलं. इतिहासाच्या पुस्तकातल्या राजाला चष्मा काढायची आपली जी खोड, तीच ही. स्पॉकचं काम करणारे लेनर्ड निमॉय २७ फेब्रुवारी २०१५ रोजी गेले, तेव्हा श्रद्धांजली म्हणून अशा नोटांचे फोटो सगळीकडे फिरले. अखेर बँक ऑफ कॅनडाला सांगावं लागलं की हे बेकायदा नाही, पण करू नका: नोटेचं आयुष्य कमी होतं आणि सुरक्षाखुणा झाकल्या जातात.

आता काढायचं कसं. कागदी नोट असेल (२००२ची मालिका किंवा त्याआधीची) तर ०.५ मिलिमीटरचं काळं जेल पेन पुरतं. सुरुवात भुवयांपासून करा, केसांपासून नाही. बहुतेकजण इथेच चुकतात. आधी केस काळे केले की भुवयांना जागाच उरत नाही आणि स्पॉकऐवजी टोपी घातलेले लॉरिए दिसतात. भुवई नाकाच्या बाजूला खाली ठेवून कानशिलाकडे तिरकी वर न्यायची. मूळ भुवईवरून गिरवायची नाही, कारण तिचा बाक उलटा आहे. मग कान. मूळ कानाच्या वरच्या कडेपासून दोन छोट्या रेघा टोकाला मिळवा. टोक उंच झालं की ससा होतो. शेवटी झुलपं: डोक्यावर वाटी पालथी घालून कापल्यासारखी, कपाळावर एका सरळ रेषेत. लॉरिएंचं कपाळ मोठं आहे, त्यामुळे ही रेषा धीटपणे खाली आणावी लागते. कडेचे लांब केस मात्र काळे करून कानामागे संपवा.

चित्राचा भाग कोरीव छपाईचा असतो, बोट फिरवलं तर खरखरीत लागतो. त्या उंचवट्यांवर बॉलपेन अडखळतं आणि रेघ तुटते. दाबून काढण्यापेक्षा हलक्या हाताने दोनदा फिरवा. चमकणाऱ्या पट्टीवर आणि जलचिन्हावर शाई जाऊ देऊ नका, नोट खरी की खोटी हे तिथेच पाहतात.

नोव्हेंबर २०१३ पासूनच्या प्लॅस्टिकच्या नोटांनी हा खेळ बराचसा मोडला. त्या पॉलिप्रोपिलीनच्या आहेत. त्यात शाई मुरत नाही, जेलचे थेंब वर बसून राहतात आणि अंगठा लागला की लॉरिएंच्या गालभर काळं. स्पिरिटवर आधारलेला बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर टिकतो, तोही पाकिटात घासून पुसट होत जातो. स्पिरिटच्या बोळ्याने पुसायला जाल तर बेताने. जोर लावला तर छापील शाईही निघू शकते. आणि नोटेतली पारदर्शक खिडकी सोडाच, तिथे काहीच काढू नका.

आता लॉरिएसुद्धा पाचच्या नोटेवरून उठणार आहेत. पुढच्या पाच डॉलरवर टेरी फॉक्स (कर्करोग संशोधनाच्या निधीसाठी कृत्रिम पायावर धावलेला कॅनडाचा तरुण) येणार, असं डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झालं. लॉरिए पन्नासवर जातील. पन्नास डॉलरवर चित्र काढायला हात जरा जास्तच सैल लागतो, त्यामुळे ही परंपरा तिथवर पोचेल असं मला वाटत नाही.

हे भारतात करू नका. इथे लिहिलेली, रंग लागलेली नोट वैध राहते आणि बँकेत बदलून मिळते, पण राजकीय घोषणा किंवा संदेश लिहिलेल्या नोटेवरचा दावा २००९च्या नोट परतावा नियमांखाली फेटाळला जातो. चित्र गांधीजींच्या चेहऱ्यावर असेल तर ते चेष्टा मानायचं की राजकारण, हे काउंटरपलीकडचा माणूस ठरवणार. ऑस्ट्रेलियात तर १९८१च्या कायद्याने नोट विद्रूप करणं थेट गुन्हाच आहे, म्हणून सिडनीच्या चुलतभावाला ही युक्ती पाठवू नका.