नव्या पार्टला मशीन कधी मिळतं?

पुणे

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

चाकणच्या कंपनीत तुला नव्या प्रॉडक्टच्या टीममध्ये घेतलं, हे वाचून फार आनंद झाला. कंपनीनं नव्या कल्पनांवर किती जोर द्यावा आणि चालू मालाच्या सुधारणेवर किती, असं तू विचारलंयस. टक्के सांगणारे पुष्कळ भेटतील. तू महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शॉप फ्लोअरवर उभी राहून बघ. डिस्पॅचची घाई, ग्राहकाचे फोन, आणि तुझ्या नव्या पार्टच्या ट्रायलसाठी ठेवलेलं मशीन चालू पार्टला दिलेलं. "ट्रायल काय, पुढच्या आठवड्यात घेऊ की!" कुणाच्या मनात वाईट नसतं. पण धोरण कागदावर काहीही असो, तोल ठरतो तो इथे.

संस्था कशा शिकतात याचा अभ्यास करणारे अमेरिकन विद्वान जेम्स मार्च यांनी १९९१ मध्ये याचं कारण नेमकं मांडलं. सुधारणेचं फळ लवकर आणि खात्रीनं मिळतं. शोधाचं उशिरा, तेही मिळालं तर. सायकल टाइम, म्हणजे एक पार्ट करायला लागणारा वेळ, चार सेकंदांनी उतरला की महिनाअखेरीला आकडा दिसतो. तीन ट्रायल फसल्या तर दाखवणार काय? म्हणून दोन्ही कामं एकाच रिव्ह्यूत, एकाच फूटपट्टीनं मोजू देऊ नकोस. चालू माल करणाऱ्या लाइनला रिजेक्शन, म्हणजे किती पार्ट बाद झाले, ते विचारावं. तुमच्या टीमला, या ट्रायलमधून काय कळलं, कुठली शंका फिटली, हे विचारावं. आणि मशीनची ठरावीक शिफ्ट व टूल रूममधला एक जाणता माणूस आधीच लेखी मागून घे. तोंडी कबुली महिनाअखेरीला टिकत नाही.

आपल्या आकुर्डीचंच बघ. १९८०च्या दशकात चेतकसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत, तेव्हाच बजाजनं कावासाकीबरोबर मोटारसायकलचं काम हाती घेतलं. पल्सर आली २००१ मध्ये. एवढा काळ लागतो, आणि तोवर चालू माल नीट विकला जावा लागतो. २००९ मध्ये स्कूटर थांबवायचं ठरलं, तेव्हा मोटारसायकलचा धंदा केव्हाच उभा राहिला होता.

लाइनवर कायझेन, म्हणजे रोजच्या लहान लहान सुधारणा, करणाऱ्यांना मात्र कधी कमी लेखू नकोस. तुझ्या ट्रायलचा खर्च त्यांच्याच कामातून निघतो. ट्रायलला ऑपरेटरला शेजारी घे. पार्ट फिक्स्चरमध्ये, म्हणजे तो पकडून ठेवणाऱ्या साच्यात, किंचित तिरका बसतोय, हे ड्रॉइंग बघून तुला कळायच्या आधी त्याच्या हाताला कळतं.

शिफ्ट मागणारा मेल साहेबांना पाठवण्याआधी मला दाखव. मी नजर घालतो.

तुझे,
सर