पीसीव्ही व्हॉल्व्ह साफ करावा की बदलावा?

तुम्ही लिहिलंय की टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) कडेने ऑइल पाझरतंय, आयडलिंगला गाडी थरथरते आणि एअर फिल्टरच्या डब्यातही ऑइल दिसलं. मेकॅनिक गॅस्केट आणि क्रँकचं सील बदला म्हणतो, मित्र म्हणतो आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आत साचणारा वायू बाहेर नेणाऱ्या वाटेवरची झडप) साफ कर. सुरुवात या व्हॉल्व्हपासून करायची, एवढ्यापुरता मी मित्राच्या बाजूने आहे. गॅस्केट बदलावं लागेलही कदाचित, पण इंजिनच्या आत दाब का साचतोय हे न बघता नवं सील बसवलं तर तेही गळायला लागेल.

सिलिंडरमधला थोडा वायू पिस्टन रिंगांच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये (इंजिनच्या ऑइल असलेल्या खालच्या भागात) उतरतोच, इंजिन कितीही नवं असलं तरी. यालाच मेकॅनिक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते आणि ऑइल खराब करणारी आम्लं असतात. पूर्वी हा वायू एका नळीने खाली रस्त्यावर सोडून द्यायचे. १९६१ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांमध्ये तो इनटेक मॅनिफोल्डकडे (सिलिंडरना हवा पोचवणाऱ्या नळ्यांकडे) ओढून पुन्हा जाळायची सोय आली, कारण तिथल्या धुरक्यात या वायूचाही वाटा होता.

त्या वाटेवर हा व्हॉल्व्ह बसतो. आत एक स्प्रिंग आणि छोटा दट्ट्या. आयडलिंगला मॅनिफोल्डची ओढ जास्त असते, तेव्हा दट्ट्या खेचला जाऊन वाट अरुंद होते. ॲक्सिलरेटर दाबला की ओढ कमी होते, स्प्रिंग दट्ट्याला मागे सारते आणि वाट मोकळी होते. नेमका तेव्हाच वायूही जास्त येत असतो. व्हॉल्व्ह चोंदला तर वायूला बाहेर पडायला जागा राहत नाही. मग तो क्रँककेसमध्ये ताजी हवा आणणाऱ्या नळीतून उलटा एअर फिल्टरमध्ये ऑइल फेकतो आणि सील, गॅस्केट जिथे कमजोर असेल तिथून वाट काढतो. तोच व्हॉल्व्ह उघडा अडकला किंवा त्याची मॅनिफोल्डकडे जाणारी नळी फाटली, तर जास्तीची हवा आत जाते, आयडलिंग बिघडतं, कित्येकदा पी०१७१ (मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी) हा बिघाडाचा कोड येतो.

तुमच्याकडे दोन्हीकडची लक्षणं आहेत, म्हणून मला व्हॉल्व्हइतकाच नळीचाही संशय आहे. ही नळी वळणावर, बहुधा खालच्या अंगाने चिरते. वरून बघितलं तर धडधाकट दिसते. इंजिन बंद आणि गार असताना वळणाखालून बोट फिरवा, चीर असेल तर बोटाला लागेल.

काही उघडण्याआधी एक तपासणी करा. इंजिन गरम होऊन आयडलिंगला असताना ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी सपाट धरा (बाही आणि पिशवी बेल्ट-पंख्यापासून लांब ठेवा, ऑइलचे थोडे शिंतोडेही उडतील). पिशवी हलकेच आत ओढली गेली तर ठीक. फुगून वर आली तर वाट चोंदली आहे किंवा रिंगा झिजल्या आहेत. जोरात आत खेचली गेली तर व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल. व्हॉल्व्ह हलवून ‘वाजला म्हणजे चांगला’ ठरवतात, त्यावर मी अवलंबून राहत नाही. स्प्रिंग मऊ पडली तरी तो वाजतोच.

आता तुमचा मुख्य प्रश्न. व्हॉल्व्ह बदला. कार्ब क्लीनर मारून तो सुटा होतो हे खरं, पण स्प्रिंगचा जोर परत येत नाही, आणि हा इंजिनच्या सगळ्यात स्वस्त भागांपैकी एक आहे. फक्त पार्ट नंबर जुळवून घ्या. दिसायला सारखे व्हॉल्व्ह आतून वेगळे असतात. साफ करायची ती नळी आणि मॅनिफोल्डवरचं तोंड. रबरी नळी गरम साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, सॉल्व्हंट लावू नका. नवी घ्यायची असेल तर ऑइलला टिकणारी मागा. रेडिएटरची नळी ऑइलने फुगते आणि आतून मऊ पडते.

व्हॉल्व्हभोवतीचं रबरी ग्रोमेट जुनं झालं की कडक होतं आणि काढताना त्याचे तुकडे पडतात. इथे घाई नको. इंजिन कोमट असताना हात घाला, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका आणि तुटलेला प्रत्येक तुकडा चिमट्याने बाहेर काढा, कारण आत गेलेला तुकडा ऑइलच्या वाटेत अडकू शकतो. ग्रोमेट नवंच घाला.

एक अपवाद आहे. बऱ्याच नव्या इंजिनांत सुटा व्हॉल्व्हच नसतो, टॅपेट कव्हरमध्येच रबरी पडदा असतो. त्यावर क्लीनर मारू नका. पडदा फाटला असेल तर तो, किंवा काही गाड्यांत अख्खं कव्हरच बदलावं लागतं.

झाकणाच्या आतून दुधाळ चिकटा दिसला तर ऑइल आणि फिल्टरही बदला. सगळं जोडल्यावर पिशवीची तपासणी पुन्हा करा. तरीही ती फुगत असेल तर सीलवर खर्च करण्याआधी कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो आणि भरलेली हवा किती गळते, याच्या तपासण्या) करून घ्या, कारण मग दोष रिंगांकडे असण्याची शक्यता जास्त.