गच्चीवर सोलर बसवायचं म्हणतोय, पण...

प्रश्न : आमची कोथरूडला जुनी चार मजली सोसायटी आहे. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांचं लाइटबिल दर महिन्याला मेंटेनन्समधून जातं. काही मेंबर म्हणतात सोलर बसवा, बिल झीरो होईल, तर वरच्या मजल्यावरचे म्हणतात गच्ची गळेल. आणि लाइट गेल्यावर लिफ्ट चालेल का? – एक सेक्रेटरी, पुणे

उत्तर : आधी शेवटचं सांगतो, कारण इथेच बहुतेकांची निराशा होते. नाही चालणार. साधी ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेली, बॅटरी नसलेली सिस्टीम असेल तर लाइनची वीज गेली की पॅनलची वीज वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर स्वतःच बंद होतो, भर दुपारी कडक ऊन असलं तरी, कारण पॅनलची वीज लाइनमध्ये जाऊन तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये. लाइट गेल्यावरही लिफ्ट हवी असेल तर बॅटरीवाली हायब्रिड सिस्टीम घ्यावी लागते आणि मग खर्च बराच वाढतो.

बाकी कॉमन मीटरसाठी सोलर हा मला खरंच चांगला निर्णय वाटतो. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा लागते आणि वर्षाची सरासरी धरली तर महिन्याला ११०-१२० युनिट मिळतात, पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. म्हणजे ५ किलोवॅटला साडेपाचशे-सहाशे युनिट. दिवसा उरलेली वीज नेट मीटरमधून महावितरणला जाते आणि रात्री दिव्यांना वापरली की त्यातून वजा होते, तरी स्थिर आकार भरावाच लागतो, त्यामुळे झीरो बिलाचं आश्वासन मेंबरांना देऊ नका. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये सबसिडी आहे, पण त्यासाठी पॅनल भारतात बनलेल्या सेलचे लागतात, कोटेशनमध्ये हे लिहून घ्या.

गळतीची भीती खोटी नाही. वॉटरप्रूफिंग जुनं झालं असेल तर ते आधी करून घ्या, कारण पॅनल २५ वर्षं राहणार आणि नंतर स्ट्रक्चर उचलून काम करणं म्हणजे दुप्पट खर्च. स्लॅबला भोकं पाडू देऊ नका, काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्ट्रक्चर उभं करायला सांगा आणि वाऱ्याचा जोर धरून डिझाइन केलंय का तेही विचारा.

पण खरी अडचण मला सावलीची वाटते. तुमच्या भागात जुन्या बिल्डिंग पाडून दहा-बारा मजली टॉवर होतायत, दक्षिणेला असा एखादा उभा राहिला तर तुमचं उत्पादन कोसळेल आणि त्यावर काही करता येत नाही. शेजारच्या सोसायटीत रीडेव्हलपमेंटची बोलणी चालू आहेत का हे व्हेंडर बोलवायच्या आधी विचारून घ्या, आणि तुमच्याच सोसायटीत ती चालू असतील तर सध्या थांबा. तसं नसेल तर कॉमन मीटरची मागच्या १२ महिन्यांची बिलं काढा, युनिट मोजा आणि तेवढ्याच क्षमतेचा ठराव जनरल बॉडीत मांडा, उगाच मोठी सिस्टीम नको, कारण वर्षअखेरीला उरलेल्या युनिटचा भाव फारच कमी मिळतो.