विमा आईच्या नावावर, भरवसा ‘मिळेलच’वर

न्यू जर्सीहून एक वाचक लिहितात: “मी 38 वर्षांचा, ग्रीन कार्डवर, इथेच कायमचा. पत्नी नोकरी करत नाही, मुलं 6 आणि 3 वर्षांची. चार वर्षांपूर्वी एजंटने 5 लाख डॉलरची इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ पॉलिसी (विमा आणि शेअर निर्देशांकाशी जोडलेली बचत एकत्र) दिली. हप्ता महिना 650. आज सरेंडर केली तर 14 हजार मिळतात, पण 20 वर्षांनी 5 लाख होतील असं तो म्हणतो. नॉमिनी पुण्यातली आई आहे. तिच्याकडून पुढे पत्नीला मिळेलच. आई परदेशी म्हणून 40 टक्के एस्टेट टॅक्स कापतील का? विमा धरून मालमत्ता 11 लाख डॉलर.”

नाही, एक डॉलरही नाही. हा कर मृताच्या एकूण मालमत्तेवर लागतो. पैसे कुठल्या देशातल्या माणसाला जातात याच्याशी त्याचा संबंध नाही. 2026 मध्ये दीड कोटी डॉलरपर्यंत सूट आहे. न्यू जर्सीने स्वतःचा एस्टेट टॅक्स 2018 पासून बंद केला, आणि तिथला वारसा कर आईला लागू नाही. भारतातली इस्टेट ड्युटी तर 1985 मध्येच गेली.

माझा जीव अडकला तो तुमच्या “मिळेलच” या शब्दात.

नॉमिनी म्हणजे पैसे सांभाळून वारसांना देणारा, ही जुनी समजूत तुम्ही भारतातून सोबत नेलीत. अमेरिकेत बेनिफिशियरी म्हणून ज्याचं नाव, तोच मालक. मृत्युपत्रात पत्नीचं नाव लिहूनही ते बदलत नाही. आई मनाने कितीही चांगल्या असोत, 5 लाख डॉलर पुण्यात आले की परत पाठवायला एलआरएसची, म्हणजे भारतातून परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची, मर्यादा आहे: माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. म्हणजे निदान दोन आर्थिक वर्षं, वर 10 लाख रुपयांपुढे 20 टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आधीच कापून घेतलेला कर, जो आईने विवरणपत्र भरून परत मागायचा. तुमच्या पत्नीला तिकडे 3520 फॉर्म, म्हणजे परदेशातून मिळालेल्या मोठ्या भेटीची अमेरिकी कर खात्याला द्यायची माहिती. आणि या काळात आई मृत्युपत्राविना गेल्या तर? हिंदू वारसा कायद्याच्या कलम 15 मध्ये आधी गेलेल्या मुलाची मुलं पहिल्या वारसांत आहेत, सून नाही. दोन लहान मुलांना घेऊन न्यू जर्सीत घर चालवणारी बाई या सगळ्यातून का जाईल?

आता पॉलिसी. चार वर्षांत 31 हजार भरले, हातात 14 हजार. वीस वर्षांत 1 लाख 56 हजार भराल. त्याचे 5 लाख व्हायला सगळे खर्च जाऊन दरसाल 10 टक्क्यांच्या वर परतावा हवा. ज्या पॉलिसीत परताव्याला वरून मर्यादा असते आणि विम्याचा खर्च वयाबरोबर वाढतो, तिच्याकडून ही आशा धरू नका. दीड कोटीपुढच्या कराची भीती 11 लाखवाल्याला दाखवून हे विकलं असेल, तर ती फसवणूकच आहे. निरोगी, सिगारेट न ओढणाऱ्या 38 वर्षांच्या माणसाला 20 वर्षांचा 10 लाख डॉलरचा टर्म विमा (बचत नसलेला, मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) महिना शंभर डॉलरच्या आत मिळतो. तुमच्या घराला गरज त्याची आहे.

बेनिफिशियरी बदलायचा फॉर्म याच आठवड्यात भरा: पहिलं नाव पत्नीचं. दुसऱ्या जागी मुलांची नावं थेट नकोत, अल्पवयीनांना कंपनी पैसे देत नाही. वकिलाकडून मुलांसाठी ट्रस्ट करून घ्या आणि त्याचं नाव तिथे घाला. आईसाठी काही ठेवायचं असेल तर टक्का ठरवून त्यांचं नाव वेगळं घाला. टर्म पॉलिसी हातात पडेपर्यंत मात्र जुनीचा एकही हप्ता चुकवू नका.