बूट घेताना आधी तळ पाहा

चामड्याचे बूट निवडणं, त्यांचा सोल बदलणं आणि रोजचा वापर यांविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं या अंकात देत आहोत.

प्रश्न : ऑफिससाठी घेतलेल्या मागच्या जोडीला कडेने टाके स्पष्ट दिसत होते. दुकानदारानेही ‘शिवलेला सोल’ असंच सांगितलं होतं. तरी पहिल्याच पावसाळ्यात सोलने आ वासला. खरी शिवण ओळखायची कशी? — पुणे

उत्तर : ते टाके बहुधा शोभेचे होते. चिकटवलेल्या सोलच्या कडेवर टाके मारलेली पट्टी लावून असे बूट सर्रास विकले जातात. बूट उलटा करून पाहा. कडेच्या पट्टीवर दिसणारा दोरा खालीही निघायला हवा. रबरी सोलमध्ये तो खाचेत बसलेला असतो. वर एका इंचात किती टाके आहेत ते मोजा, मग खाली मोजा. आकडा जुळला नाही तर शिवण खोटी. चामडी सोलच्या काही जोड्यांत खालच्या टाक्यांवर चामड्याचा पापुद्रा चिकटवून ते झाकलेले असतात. तिथे मोजणी चालत नाही, बांधणी स्पष्ट विचारूनच घ्यावी लागते.

आता हात आत घाला. पाय टेकतो त्या आतल्या तळावर कडेने टाके लागले तर ती ब्लेक शिवण. तिच्यात एकच दोरा आतल्या तळातून थेट सोलपर्यंत जातो. बूट हलका आणि लवचिक होतो, पण त्याच भोकांतून ओल वर चढते. आत गुळगुळीत आणि बाहेर खरे टाके असतील तर ती बहुधा गुडइयर वेल्ट. हिचं यंत्र १८७०च्या दशकात अमेरिकेत रुळलं. रबर टिकाऊ करण्याची रीत शोधणाऱ्या चार्ल्स गुडइयर यांच्या मुलाचं नाव तिला मिळालं. हिच्यात दोन वेगळ्या शिवणी असतात. पहिली शिवण वरचं चामडं, आतल्या तळाची कड आणि वेल्ट म्हणजे भोवतालची चामड्याची पट्टी यांना जोडते. दुसरी फक्त वेल्ट आणि सोल यांना. सोल झिजला की दुसरी शिवण उसवायची, पहिलीला हात लावायचा नाही. बूट पुन्हा पुन्हा उभा राहतो तो या एका गोष्टीमुळे, म्हणून पैसे मोजायचे ते इथे.

चामड्याबद्दलही थोडं. ‘जेन्युइन लेदर’ या शिक्क्यातून ते चामडं आहे एवढंच कळतं, प्रत कळत नाही. वरचा थर न घासलेलं चामडं अंगठ्याने दाबलं की बारीक सुरकुत्या पडतात आणि बोट उचललं की विरतात. त्याची रंध्रं सगळीकडे सारखी नसतात. खालच्या थरावर प्लास्टिकचा लेप दिलेलं चामडं मात्र घडीवर तडकतं, आणि त्या लेपातून कुठलंही क्रीम आत जात नाही.

प्रश्न : नवे बूट चालताना टाचेत वर-खाली होतात. एक नंबर लहान घ्यायला हवा होता का? — नागपूर

उत्तर : टाच ५-६ मिलिमीटर उचलली जात असेल तर घाबरू नका. नवा सोल ताठ असतो, तो वाकायला लागला की हे आपोआप कमी होतं. सेंटिमीटरभर उचलली जात असेल तर मात्र बूट लांब आहे. नंबरापेक्षा चवड्याकडे लक्ष द्या. पायाचा सर्वांत रुंद भाग बुटाच्या सर्वांत रुंद भागातच बसायला हवा, कारण बूट तिथेच वाकतो. तो पुढेमागे झाला तर पडणारी घडी बोटांवर रुतते. बोटांपुढे एक ते दीड सेंटिमीटर मोकळं हवं. नाडी बांधल्यावर दोन्ही पाळ्यांत साधारण तेवढंच अंतर उरू द्या. पहिल्याच दिवशी पाळ्या एकमेकींना टेकल्या तर चामडं सैलावल्यावर आवळायला जागा राहत नाही. बूट रुंदीत सैल होतो, लांबीत कधीच नाही.

आपल्याकडे नंबर ब्रिटिश पद्धतीचे असतात, एका नंबरात सुमारे ८.५ मिलिमीटरचा फरक. युरोपियन नंबरात तो ६.७ आहे, त्यामुळे तक्त्यावरून केलेलं रूपांतर कधीच तंतोतंत बसत नाही. संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, रोजचे मोजे घालून दोन्ही पायांत घालून पाहा. पहिला आठवडा रोज तास-दोन तास घरातच वापरा. लवकर मऊ व्हावेत म्हणून भिजवू नका.

प्रश्न : चार वर्षं कपाटात जपून ठेवलेले बूट लग्नासाठी काढले, तर मांडवातच सोलचे तुकडे पडले. वापरलेच नव्हते, मग झिजले कसे? — रत्नागिरी

उत्तर : ते झिजले नाहीत, आतून विरले. तो सोल पॉलियुरेथेनचा असणार. हवेतली ओल या पदार्थाच्या साखळ्या हळूहळू तोडत जाते, आणि कोकणातल्या दमट हवेत बंद खोक्यात हे आणखी लवकर होतं. तुकडे चिकटवून उपयोग नाही, कारण सोल्युशन ज्या पृष्ठभागाला धरेल त्याचीच भुकटी होत असते. वरचं चामडं चांगलं असेल तर सगळा सोल काढून, तळ घासून स्वच्छ करून रबराचा किंवा टीपीआरचा (रबरासारख्या प्लास्टिकचा) सोल बसवून घ्या.

गडकोटांवर जाणाऱ्यांनी हे जास्त मनावर घ्यावं. ट्रेकिंगच्या अनेक बुटांत खालचा रबरी तळ आणि चामडं यांच्यामधला थर पॉलियुरेथेनचाच असतो. बूट बरेच दिवस पडून असतील तर निघण्याआधी त्या थरात नख रोवून पाहा. भेग पडली, चिकट लागलं किंवा भुकटी निघाली तर ते बूट घालून गड चढू नका.

प्रश्न : कोपऱ्यावरचा मोची हाफ सोल चिकटवू म्हणतो, कारखानावाला पूर्ण सोल बदला म्हणतो. कुणाचं ऐकावं? — मुंबई

उत्तर : सोल किती उरलाय त्यावर ठरतं. चामडी सोलच्या चवड्याखाली मधोमध अंगठा दाबा. ताठ असेल तर हाफ सोल उत्तम, तोही पावसाळ्याआधी लावलेला बरा. बोट रुतलं तर पूर्ण सोलच बदलावा लागेल. भोकावर हाफ सोल चिकटवला की भोक फक्त झाकलं जातं.

हाफ सोलसाठी दोन मिलिमीटर जाडीचं रबर पुरतं. दोन्ही बाजू खरखरीत घासून, धूळ झटकून सोल्युशनचा पातळ हात द्यावा आणि दहा-पंधरा मिनिटं, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत, थांबावं. मग चिकटवून मधून कडेकडे हातोडीने ठोकत जावं. गिऱ्हाईक उभं आहे म्हणून ओलं असतानाच चिकटवलं की द्रावक आत अडकतो आणि आठवड्यात कड सुटते. म्हणून मोचीला घाई करू नका, बूट ठेवून जा. लोखंडी चुका म्हणजे बारीक खिळे नको म्हणून सांगा. पाण्याने त्या गंजतात आणि गंज भोवतालचं चामडं खातो.

पूर्ण सोल बदलताना वेल्ट आणि सोल जोडणारी शिवण उसवून जुना सोल काढतात, आतला चुरा झालेला कॉर्क खरवडून नवा भरतात आणि मधली पोलादी पट्टी हलते का ते पाहतात. पुष्कळ बुटांत आतल्या तळाची कड म्हणजे चिकटवलेली कापडी पट्टी असते. ती सुटली असेल तर ती आधी, सोल नंतर. काम देण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. नवा कॉर्क भरणार का? बूट त्याच मापाच्या फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, चढवून काम होणार का? नाहीतर आकार बिघडतो. आणि टाके जुन्याच भोकांतून जाणार का? आरीने हाताने शिवणारा कारागीर ती भोकं नेमकी गाठतो. यंत्राने दर वेळी नवी भोकं पडली तर वेल्ट टपाल तिकिटाच्या कडेसारखी होते आणि तशीच फाटते.

टाचेचं रबर मात्र आधीच बदलत चला. रबर संपून त्याच्यावरच्या टाचेच्या थराला झीज लागली की थोडक्यातलं काम मोठं होतं. सोलही वेल्टचे टाके घासले जाईपर्यंत वापरू नका, कारण मग वेल्ट नवी शिवावी लागते आणि खर्च एकदम वाढतो.

प्रश्न : पावसाळ्यात बुटांवर पांढरं येतं. पुसलं तरी पुन्हा येतं. — पणजी

उत्तर : आधी पांढरं कशाचं ते ओळखा. लव असल्यासारखं आणि कुबट वासाचं असेल तर बुरशी. लव नसेल तर हेअर ड्रायरची कोमट हवा अर्धा मिनिट दुरून द्या. विरघळून नाहीसं झालं तर ती चामड्यातलीच चरबी, मऊ कापडाने पुसली की झालं. पाण्याच्या रेषेसारखी कड असेल तर मीठ किंवा घाम.

बुरशी घराबाहेर नेऊन ब्रशने झटका, घरात झटकली तर शेजारच्या जोडीवर बसते. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन कापडाने आतून-बाहेरून पुसा. आधी एका कोपऱ्यात रंग उतरत नाही ना ते पाहा. नाडी आणि आतली गादी काढून पंख्याखाली पूर्ण वाळवा. भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून दर दोन तासांनी बदला. ओलं चामडं उन्हात किंवा गरम हवेत ठेवलं तर आक्रसून कडक होतं, आणि त्याला पुन्हा पूर्ववत करता येत नाही. एकच जोडी रोज घालू नका, घाम सुकायला मधे एक दिवस जाऊ द्या.

प्रश्न : खोबरेल तेल चालेल का? — सांगली

उत्तर : नको. चामडं काळवंडतं आणि गरजेपेक्षा मऊ पडतं. शिवाय हिवाळ्यात बाटलीत गोठतं तसंच ते चामड्यातही गोठतं आणि वर पांढरं दिसतं. चामड्याचं क्रीम वाटाण्याएवढं, दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे.

प्रश्न : इथे रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, त्याचे डाग बुटांवर राहतात. — टोरांटो

उत्तर : त्याच संध्याकाळी पुसा. एक भाग पांढरं व्हिनेगर, दोन भाग पाणी. फक्त डाग पुसला तर त्याच्याभोवती नवी रेघ उमटते, म्हणून पुढचा सगळा भाग एकसारखा ओलसर करा. हीटरपासून दूर वाळवा. खोल मुरलेलं मीठ वाळताना पुन्हा वर येतं, तेव्हा हेच दोन-तीनदा करावं लागेल. क्रीम त्यानंतरच लावा.