हॅसलब्लॅड या फिल्म कॅमेऱ्यावर सुरंगीचा वळेसर (फुलांचा गजरा) जवळून काढला की फोटो काळपट आणि अर्धा धूसर का येतो? (500 सी/एम, 80 मिमी लेन्स, आणि लेन्स व कॅमेऱ्याच्या मध्ये बसवायची 56 मिमीची पोकळ नळी, म्हणजे ट्यूब)

काळपटपणा ट्यूबमुळे. लेन्स फिल्मपासून लांब गेली की प्रकाश पसरतो आणि हातातल्या लाइट मीटरला ते कळत नाही. 56 भागिले 80 म्हणजे 0.7 पट आकार, (1 + 0.7) चा वर्ग सुमारे 2.9, म्हणून दीड स्टॉप जास्त द्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). 32 मिमी ट्यूबला जवळजवळ एक स्टॉप.

धूसरपणाचं कारण वेगळं. लेन्सचं छिद्र एफ/16 इतकं बारीक ठेवूनही या अंतरावर जेमतेम साडेपाच मिमी खोली स्पष्ट येते. त्यामुळे वळेसर फिल्मला समांतर, सपाट मांडा. फोकस रिंग फिरवत बसू नका, ती अनंतावर ठेवून ट्रायपॉडवरचा कॅमेराच मागेपुढे सरकवा. कॅमेरा हलू नये म्हणून त्यातला आरसा आधी उचला, केबल रिलीज (शटर दाबायची तार) वापरा. पंखा बंद! कळ्या उमलू लागल्या की फोकस सरकतो, म्हणून उरकतं घ्या.

एफ/22 चा मोह टाळा. इथे ट्यूबमुळे तो एफ/37 सारखा वागतो आणि विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळाच फोटो मऊ पडतो. आणि पणजीच्या दमट हवेत एसीतून काढलेली लेन्स लगेच वापरू नका, काचेवर बाष्प धरतं.