यांगोन की सोलो? बर्मी आणि जावानीज, दोन्हीकडे राहून बघितलेलं

अगं, तुझा प्रश्न वाचला. कंपनी तुला म्यानमारमधलं यांगोन नाहीतर इंडोनेशियातल्या जावा बेटावरचं सोलो यातलं एक निवड म्हणतेय, सोबत नवरा आणि सहा वर्षांची लेक आहे, आणि तू विचारतेस की बर्मी शिकायला सोपी की जावानीज. मी पण गारमेंटच्याच लायनीतली, मूळची इचलकरंजीची. यांगोनला चार वर्षं काढली, फेब्रुवारी 2021 च्या लष्करी उठावानंतर काही महिन्यांनी निघाले आणि तेव्हापासून सोलोत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती. यांगोनला बर्मी आली नाही तर तुझं रोजचं अडणार, भाजी, टॅक्सी, डॉक्टर, फॅक्टरीतल्या मुली, सगळं बर्मीतच. बाजारात भाव सुद्धा बर्मी आकड्यांत लिहिलेले असतात, म्हणून आकडे तरी पहिल्या आठवड्यात पाठ करायचेच. सोलोत मात्र जावानीजशिवाय कामं होतात, कारण शाळा, बँक, सरकारी कागद सगळं इंडोनेशियनमध्ये चालतं. जावानीज बोलणारे मराठीच्या तोडीचे आहेत, कोट्यवधी, तरी 1928 च्या युवक शपथेत (इंडोनेशियातल्या तरुणांनी एका देशासाठी घेतलेली प्रतिज्ञा) एकीची भाषा म्हणून मलयवर उभी असलेली इंडोनेशियन घेतली गेली. ती बंदराबंदरात आधीच चालत होती आणि तिच्यात मानपानाच्या पायऱ्या नव्हत्या. तेव्हा सोलोला आलीस तर पहिले सहा महिने फक्त इंडोनेशियन कर, जावानीज नंतर.

आता बर्मी. वाक्याची बांधणी बघितलीस तर तुला घरच्यासारखं वाटेल. "क्यमा यांगोन-गो थ्वा-मे" म्हणजे मी यांगोन-ला जा-ईन, शब्दाला शब्द बसतो, क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे. "गो" म्हणजे आपला ला, "म्हा" म्हणजे त किंवा मध्ये. नाही म्हणायचं तर क्रियापदाच्या दोन्ही बाजूंना कुंपण घालायचं, "मा-थ्वा-बू", जात नाही. क-ख, प-फ हा फरक आपल्याला जन्मापासून येतो, इंग्रज लोक त्यावर महिनोन्महिने घालवतात. म्ह, न्ह, ल्ह सुद्धा आहेत, आपल्या म्हैस आणि न्हाणीतल्यासारखे अगदी नाहीत, त्यांचे जास्त हवेचे आहेत, पण जीभ लवकर वळते. आणि आपण बायका जाते-येते म्हणतो तसं तिथे बाईचा मी वेगळा, "क्यमा", पुरुषाचा "क्यनो". हो म्हणताना मी "होक्के शिन" म्हणायचे, नवरा "होक्के खम्या".

अवघड आहे ते कानाला. "खा" खालच्या सपाट सुरात म्हटलं की हलवणं, वरच्या लांबवलेल्या सुरात म्हटलं की कंबर (आणि कडू पण तेच), घसा आवळून तोडलं की अजून तिसरं काहीतरी. आपल्या कामात दिवसभर कमरेचं माप चालतं, आणि मला पहिलं वर्षभर तो एक सूर नीट लागला नाही, मुली समजून घ्यायच्या पण सूर चुकला की त्यांचा चेहरा क्षणभर कोरा व्हायचा. तो कोरा चेहरा दिसला की थांबायचं, परत म्हणायचं, त्यांच्याकडून म्हणून घ्यायचं. यासाठी रोज कुणीतरी माणूस समोर लागतो, अॅपने हे होत नाही.

लिपी गोल गोल, ताडपत्रावर सरळ रेघ ओढली तर पान फाटतं म्हणून तशी झाली असं सांगतात. तक्ता आपलाच, क ख ग घ ङ याच क्रमाने. पण लिहितात जुन्या उच्चाराने आणि बोलतात आजच्या, म्हणजे लिहिलेला र य होतो (रंगून आणि यांगोन हे एकच स्पेलिंग आहे गं!), स चा थ होतो, च चा स होतो. हे तीन नियम कळले की पालीतून आलेले शब्द उघडायला लागतात. शासन म्हणजे बुद्धाचा धर्म, तो "थाथना". रत्न म्हणजे "यदना". एप्रिलातलं त्यांचं पाण्याचं नवीन वर्ष "थिंजान", ते मूळ आपलं संक्रांतच, सूर्य मेषेत जातो म्हणून. आमच्या शेजारच्या आजींना कोल्हापूर कुठे ते कळायचं नाही, पण रत्नागिरी म्हटलं की त्या गप्प होऊन माझा हात धरायच्या, कारण त्यांचा शेवटचा राजा थिबा 1886 पासून 1916 मध्ये जाईपर्यंत तिथे नजरकैदेत होता. आणि आपले टिळक त्याच देशात, मंडालेला, 1908 ते 1914. हे मी त्यांना मोडक्या बर्मीत सांगितलं तो दिवस मी विसरणार नाही.

पेपर वाचायचा असेल तर मात्र वेगळी तयारी, लिखित बर्मीचे प्रत्यय बोलण्यापेक्षा निराळे आहेत, बोलताना "दे" तिथे लिहिताना "थी".

जावानीज याच्या बरोबर उलट. सूर नाहीत, व्याकरण सुटसुटीत, वाक्य कर्ता-क्रियापद-कर्म. ट-त आणि ड-द वेगळे आहेत म्हणजे आपल्याला बरंच, "वदी" म्हणजे घाबरणं आणि "वडी" म्हणजे वाळू. शब्दाच्या शेवटचा आ बंगाल्यांच्या अ सारखा ओकडे झुकतो, जावा ते "जोवो" म्हणतात. इथवर वाटतं की ही तीन महिन्यांत येईल.

मग पायऱ्या सुरू होतात. मी भात खाते हे मैत्रिणीला "आकू मांगान सगो", आणि मान ठेवायचा त्या माणसाला "कुलो नेडो सकुल". बघ, एकही शब्द सारखा नाही. पहिली "न्गोको", दुसरी "क्रोमो". आकडे पण बदलतात, पाच म्हणजे "लिमो" आणि क्रोमोत "गांगसाल". आणि त्याच्यावर क्रोमो इंगिल, ते शब्द फक्त समोरच्या मोठ्या माणसासाठी, तो जेवतो ते "डाहार". मी एकदा घरमालकीणबाईंशी बोलताना स्वतःबद्दलच "डाहार" म्हटलं, चांगला शब्द वापरावा म्हणून. त्यांनी हळूच सांगितलं की डाहार मी करते, तू नेडो. आपल्याकडे कुणी "मी जेवलात" म्हणावं तसं ते झालं होतं. नियम असा, स्वतःला कायम साधं ठेवायचं, समोरच्याला उचलायचं.

या वरच्या पायरीवरच आपली माणसं भेटतात पण. मोठ्या माणसाचं डोकं "मुस्तोको", डोळे "नेत्रो", नाक "ग्रोनो", हात "आस्तो", घर क्रोमोत "ग्रियो". मस्तक, नेत्र, घ्राण, हस्त, गृह. आपणही हात रोज म्हणतो आणि पत्रिकेत शुभहस्ते लिहितो, तसंच हे. मला या यादीने खरंच धीर दिला, अनोळखी गावात आजोळचं भांडं सापडावं तसं वाटलं.

सुराबायाकडे बोलणं मोकळं आहे, तिथे न्गोको जास्त चालते. सोलो आणि योग्यकार्ता हे दरबारी गाव, इथे म्हाताऱ्या माणसांशी क्रोमोच शोभते, चुकली तरी प्रयत्न केलेला लोकांच्या मनाला फार भावतो. तुझ्या लेकीला शाळेत इंडोनेशियन आपोआप येईल आणि बऱ्याच शाळांत आठवड्याला जावानीजचा तास असतो, "होनोचोरोको" लिपी सुद्धा शिकवतात.

माझं मत विचारशील तर भाषा म्हणून मला बर्मी जास्त जवळची वाटते, मराठी डोक्याला ती बसते. पण लहान मूल घेऊन आत्ताच्या परिस्थितीत यांगोनला जा असं मी तुला सांगणार नाही, सोलो घे.

आणि आलीस की कुणाच्याही दारात उभी राहून बेल वाजवायच्या आधी "कुलो नुवुन" म्हण, येऊ का असं विचारणं आहे ते. आतून "मोंग्गो" ऐकू आलं की चपला काढ आणि आत जा.